तीनशे पासष्ट काड्या

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी ते प्रकरण आठवलं की मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. खून नव्हता, दरोडा नव्हता. पण चंदीगड पोलिसांतल्या सगळ्या नोकरीत एका दिवसात इतकी धावपळ आणि इतका आनंद कधी वाट्याला आला नाही. वडील हवाई दलात होते, म्हणून मी इथे वाढलो आणि इथेच भरती झालो.

गणेश चतुर्थीचा दिवस. घरी मूर्ती बसवून ठाण्यात पोचलो, तर आमच्या मराठी मंडळातले एक काका अर्ज लिहून तयार. शेजारच्या मराठी कुटुंबात स्वयंपाकाला असलेली बाई स्वतःला नेपाळी म्हणवते, पण ती दुसरीकडून आलेली घुसखोर आहे, असा मजकूर.

"कागद एकही नाही तिच्याकडे. दर रविवारी पिंजौरला जाते, कुठे ते सांगत नाही. आणि काल हरतालिकेला आमच्या बायकांना लाल साड्या नेसवून नाचवलं हो तिने. उपासाच्या दिवशी. सीमा मोकळ्या सोडल्या की हे असं होतं. आपलं म्हणून काय उरणार पुढे?"

मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, कबूल करतो. नेपाळच्या माणसाला इथे व्हिसा लागत नाही, त्यामुळे नेपाळी असल्याची बतावणी करणारेही आम्हाला भेटत. रोजनामच्यात नोंद केली आणि महिला हवालदार पाठवून बाईला बोलावून घेतलं.

पस्तिशीची असेल. हातात कापडी पिशवी. नागरिकत्वाचा दाखला गावी दिराकडे आहे म्हणाली. दीर फोन उचलेना. पिंजौरला कशाला जातेस, विचारलं.

"बाजार करने, जी."

"कौन सी दुकान?"

एकही सांगता येईना. खोटं पकडलं की माणूस एक तर चिडतो, नाही तर रडतो. ही नुसती पिशवी घट्ट धरून बसली. ते मला खटकलं.

सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. म्हणजे संध्याकाळच्या आत ठरवायचं होतं, सोडायचं की परकीय नागरिक म्हणून गुन्हा नोंदवायचा. गुन्हा नोंदवला की कोठडी, आणि पुढे भलत्याच देशाच्या सीमेवर नेऊन सोडतील हे तिलाही कळत होतं. "वहाँ मेरा कोई नहीं है, साहबजी," एवढंच ती म्हणाली.

पिशवीची झडती घेतली. आत लाल दोऱ्याने बांधलेली काड्यांची जुडी. महिला हवालदाराने ओढली तसा दोरा तुटला, काड्या फरशीवर पांगल्या, काही मोडल्या.

"पुठकंडा है सर, जंगली घास. कोई टोना-टोटका होगा."

"गिने हुए थे," म्हणत बाई पहिल्यांदा रडली.

मी एक काडी उचलून उजेडात धरली. आघाडा! साताऱ्याकडची माझी आई ऋषिपंचमीला याच काडीने दात घासायची. लहानपणानंतर मी तो हातात धरला नव्हता.

"कल ऋषिपंचमी है, इसलिए?"

तिने दचकून वर पाहिलं. "आपको कैसे पता?"

"मेरी माँ करती थी."

मग ती घडाघडा बोलायला लागली. वर्षाच्या दर दिवसाची एक, अशा तीनशे पासष्ट काड्या घेऊन पंचमीला नेपाळी बायका नदीवर दात घासून आंघोळ करतात, आणि त्याआधी तीजेला, म्हणजे आपल्या हरतालिकेला, लाल साड्या नेसून नाचतात. पिंजौरजवळ त्या दर रविवारी जमतात. तिच्याप्रमाणेच त्यांच्यातल्या काहींकडेही कागद नाहीत. पत्ता दिला तर पोलीस सगळ्यांना उचलतील, म्हणून ती खोटं बोलत होती.

कुणालाही हात लावणार नाही, असा शब्द दिला. पिंजौर हरियाणात, आमची हद्द नाही. तिथल्या ठाण्याला फोन करून कळवलं आणि जीप पिटाळली. तिच्याच गावची एक म्हातारी सापडली. तिचा नवरा आपल्या लष्करातून निवृत्त झालेला. त्याने गावच्या कार्यालयात फोन लावला, तिथून कुणीतरी दिराच्या घरी गेलं, आणि साडेचारला माझ्या मोबाइलवर फोटोसकट दाखला आला. मी टेबलावर हात आपटला, ठाण्याच्या नोंदी लिहिणाऱ्या मुन्शीच्या चहाचा कप उलटला. दूतावासाची पक्की खात्री नंतर आली, पण तिला सोडायला तेवढं पुरे होतं.

काकांना बोलावलं. ते येईस्तोवर बाई टेबलावर काड्या मोजत होती. चाळीस कमी.

काका वाकून बघतच राहिले. "हा आघाडा ना? गणपतीच्या पत्रीत लागतो. आमची ही दरवर्षी मागते. मी म्हणतो, इकडे मिळत नाही. आता तिने मागायचंही सोडलं."

मी बाईला विचारलं, हा आणलास कुठून?

"ये तो थाने के पीछे भी बहुत है, साहबजी. आते हुए देखा."

आम्ही सगळे मागे गेलो. भिंतीशी कमरेएवढा माजला होता. इस्त्रीचा कुर्ता घातलेले काका खाली वाकले आणि तिच्यासाठी काड्या तोडायला लागले. मीही टोपी काढून बसलो.

खोटं सापडलं की ते कुणाला वाचवतंय ते आधी बघावं, हे त्या दिवशी शिकलो आणि पुढे हाताखालच्या पोरांना शिकवलं. दुसरी गोष्ट मात्र ठाण्यात कुणालाच सांगितली नाही. त्या सकाळी मीही माझ्या गणपतीला नुसत्या दूर्वा वाहून आलो होतो, परक्या मुलखात पत्री कुठली, असं बायकोला सांगून. आणि माझी गाडी त्याआधीची सहा वर्षं रोज त्याच भिंतीशी उभी असायची.