धक्क्यावर आज दिवे लागले

मंडळी, आत्ताच धक्क्यावरून घरी आलोय. जेवण जात नाहीये.

उत्तनजवळच्या आमच्या चौक गावात होड्या लागतात, त्या धक्क्यावर आज दिवे लागले. उद्घाटनाला आमदार आले होते. खरं सांगतो, माणूस वाईट नाही. या कामासाठी त्यांनी पण खेपा घातल्यात.

पण दिव्यांसाठी त्यांच्या ऑफिसात सगळ्यात आधी गेली ती आमची शेजारीण, फिलोमिना मावशी. मंजुरी मिळाली, काम मात्र रखडलं. मागच्या दिवाळीआधी तिचा नवरा अंधारात होडीतून उतरताना पाय घसरून पडला, तो गेलाच.

आज आमदार म्हणाले, "मावशी, बटण तुम्हीच दाबा."

"दाबते, बाबा," मावशी म्हणाली. "पन या उजेडात आता मी कोनाची वाट बघू? माझा मानूस न्हाय."

आमदारांनी हात जोडले. "उशीर झाला, मावशी. माफ करा."

तिने बटण दाबलं. धक्का लख्ख उजळला. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं आणि मधेच थांबलं. मावशी कुणाकडे न बघता घरी निघून गेली.

तुमच्या भागात असं कुठलं काम अडलंय, ज्यापायी अजून कुणाचा जीव गेलेला नाही? तुमच्या आमदारांना ते आजच सांगाल का?