मागे कोण बसते?

शॉकअप चाचांकडे गाडी घेऊन कोणीही जावो, जीपवाला असो की डॉक्टर, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. गाडीला काय झालं, कधीपासून झालं, ते सगळं नंतर. आधी वाकून मागच्या सीटकडे बघायचे आणि विचारायचे, "मागे कोण बसते?"

लोक हसायचे. चालवणारा समोर उभा, आणि हा माणूस मागच्याची चौकशी करतो! पण चाचांचं म्हणणं साधं होतं. "चालवणाऱ्याले खड्डा दिसते, तो आंग आवळून घेते. मागच्याले काई दिसत नाई. त्याची कंबर माह्या भरवशावर हाय."

आमच्या मूल गावात धानगिरणीच्या भिंतीला लागून त्यांचं टिनाचं दुकान होतं. खरं नाव कोणाच्या तोंडी उरलं नव्हतं. चाकामागे बसून धक्के गिळणाऱ्या त्या नळकांड्यांना आमच्याकडे शॉकअप म्हणतात, आणि चाचा तेवढंच करायचे, शॉकअप आणि स्प्रिंगा. इंजिनाला हात लावत नसत. "ते दिमागाचं काम. मी गुडघ्याचा डॉक्टर." ब्रह्मपुरीचे, पार मुलचेऱ्याचे जीपवाले त्यांच्या दारात उभे असत.

त्यांची तपासायची रीत बघण्यासारखी. गाडीच्या मागच्या टोकावर जाडजूड तळवा ठेवायचा, सगळा भार टाकून दाबायचं आणि सोडून द्यायचं. एकदा वर येऊन गाडी थांबली तर ठीक. वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, अशी नाचली, की चाचा मान हलवायचे. "गेले शॉकअप."

आमच्या घरी गाडी आली ती माझ्या विलासमुळे. जुनीच घेतलेली, पण लाल, बुटकी आणि पळायला चपळ. रोज तीच घेऊन तो गडचिरोलीला नोकरीवर जायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र तिला पुसत बसायचा आणि म्हणायचा, "आई, हे अजून खाली पाह्यजे. जमिनीले चिपकून गेली पाह्यजे." मी म्हटलं, "मंग बैलगाडीच्या चाकाखालीच घाल ना बाप्पा!" माझं कोण ऐकतो?

त्याच वर्षी माझ्या लेकीला, शालूला, दिवस गेले होते. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलेलं, म्हणून जीव मुठीत धरून होतो सगळे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात तिला ब्रह्मपुरीहून आणायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणा, पण धक्के नकोत. बसने आणायचा तर प्रश्नच नव्हता. आणि त्या रस्त्याचं काय सांगू, ज्यांनी त्या काळी तो केला त्यांच्या कमरेला अजून आठवत असेल.

आणायला पंधरा दिवस उरले असताना विलास नागपूरला गेला आणि गाडीला आखूड स्प्रिंगा बसवून आला. मलाही दिसायला छान दिसली, खोटं कशाला बोलू? दोन पोती नवे तांदूळ टाकून मला मागे बसवलं आणि फेरी मारायला काढली. ओढ्यावरच्या पहिल्याच पुलियावर बुडाखाली असा दणका बसला की माझे दात वाजले. शालूचं पोट डोळ्यासमोर आलं आणि मला रडूच फुटलं. विलासनं आरशात पाहिलं आणि गाडी सरळ चाचांच्या दारात नेली.

चाचा रागावतील असं वाटलं होतं. ते गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "दिसते मात्र झकास!" विलासचा चेहरा थोडा उजळला. मग त्यांनी विचारलं, "कोणं सांगितलं एवढी खाली कराले?"

"तुमीच तं म्हणता, चाचा, टायर आन् मडगार्डात चार बोटं ठेवा. मोजली ना मी."

"दाखव बोटं." विलासनं हात पुढे केला. चाचांनी शेजारी आपला पंजा धरला. त्यांची तीन बोटं विलासच्या पाचांएवढी होती. "आन् मोजली तवा गाडीत कोण होतं?"

"कोणी नाई. रिकामी होती."

"रिकामी गाडी लबाड बोलते, बेटा. आईले बसव, तांदूळ ठेव, मंग विचार तिले."

एक गोष्ट त्यांनी नीट समजावली, ती माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईलाही कळली. स्प्रिंग आखूड केली आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर तो कायम अर्धा दबलेला राहतो. "आधीच उकिडवा बसलेला माणूस अजून किती वाकन? बसते मंग बुडावर."

मी म्हटलं, "चाचा, जशी होती तशी करून द्या." तर माझ्यावरच उखडले. "पोराच्या शौकाले लात नोका मारू, बाई. थोडी खाली ठेवू. त्याचाही मान राह्यला पाह्यजे."

मग त्यांनी नागपूरहून निराळ्या स्प्रिंगा मागवल्या. एका टोकाला वेढे जवळजवळ, दुसऱ्या टोकाला लांब. सुरुवातीला नरम, भार पडला की कडक. त्यांच्या जोडीचेच शॉकअप घेतले. बसवून झाल्यावर मागे पोती ठेवली, मला बसवलं आणि स्वतः माझ्या बाजूला चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास घेऊन बसले. विलासनं त्याच पुलियावरून गाडी नेली. चार थेंब पायजम्यावर पडले. "एवढं सांडते, एवढं चालते," ते म्हणाले. "काईच नाई सांडलं तर समजा गाडी नदीतल्या डोंग्यासारखी डोलून राह्यली. वळणावर तेही बरं नाई." आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

शालूला आणायला चाचा न बोलावता आले, पुढच्या सीटवर बसले. परतताना शालू माझ्या खांद्यावर डोकं टेकून सिंदेवाहीच्या आधीच झोपली. मी विलासला आरशातून खुणेनं सांगितलं. चाचांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, फक्त एक हात विलासच्या गुडघ्यावर ठेवून होते, वेग वाढला की दाबायचे. दारात गाडी थांबल्यावर शालू जागी झाली. "पोचलो का? एवढ्या लवकर?" चाचा दुसरीकडे तोंड करून रुमालानं चष्मा पुसत होते. माझी नात दोन महिन्यांनी झाली, धडधाकट.

पुढे चाचांचेच गुडघे गेले. गुडघ्याचा डॉक्टर म्हणून आम्ही चिडवायचो, तेही हसायचे. दुकान बंद झालं आणि नागपूरच्या लेकीकडे राहायला जायचं ठरलं. तिथून ते परत आले नाहीत, त्याच हिवाळ्यात गेले. पण मला आठवतो तो त्यांना न्यायचा दिवस.

विलासनं तीच लाल गाडी आणली. चाचांना उचलून मागे बसवलं. ते खिडकीतून म्हणाले, "बाई, माह्यानं आता होत नाई. तुमी दाबा."

मी मागे गेले. दोन्ही तळवे ठेवले, होता नव्हता तो भार टाकला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, आणि पुन्हा वर आली. एवढ्या वर्षांत ते शॉकअपही झिजले होते. जाणाऱ्या माणसाला काय सांगायचं? मी खिडकीशी येऊन म्हटलं, "एकदाच वर आली, चाचा. थांबली."

चाचा हसले. माझ्या हातावर त्यांनी आपला जाड पंजा ठेवला.

"मागं मीच बसलो हावो ना, बाई."

विलास चाचांकडे न बघता गाडीत बसला. एरवी तीन तासांत नागपूर गाठणाऱ्या माझ्या पोरानं त्या दिवशी पाच तास लावले.