न रडणारं बाळ

काल सदाशिव पेठेत नातीसाठी वेखंड घेतलं आणि त्या वासाने मला लोणी काळभोरच्या एका खोलीत नेलं. तेव्हा मी समाजकार्य महाविद्यालयात नुकतीच शिकवायला लागले होते आणि गृहभेटीसाठी तिथे गेले होते. गोधडीवर न्हाऊमाखू घातलेलं, काही महिन्यांचं बाळ होतं आणि पलीकडे भिंतीकडे तोंड करून त्याची आई, सुनंदा, पडली होती. बाळंतपणापासून ती कुणाशी बोलतच नव्हती.

"लई गुणाचं हाय, बाई," सासू कौतुकाने म्हणाली. "रडत म्हणून न्हाई."

मी बाळावर वाकले, तर त्याने शांतपणे नजर वळवली. मी हसून पाहिलं, बोलून पाहिलं; ते भिंतीकडेच बघत राहिलं.

त्याच दुपारी महाविद्यालयाच्या बैठकीत मी तान्ह्या बाळांच्या मनावर अभ्यासक्रम मागितला. "अहो मॅडम, आधी दात तर येऊ द्यात त्यांना!" प्राचार्य म्हणाले. सगळे हसले.

मी सुनंदाकडे जात राहिले. पुढे ती बोलू लागली. एकदा बाळाने टाहो फोडला आणि तिने त्याला झटकन उचलून छातीशी धरलं.

आता मी निवृत्तीला आलेय आणि तो अभ्यासक्रम अजून मागतेच आहे. परवाच्या बैठकीत नव्या प्राचार्यांनी विचारलं, "बाळं काही सांगतात का तुम्हाला?"

"सांगतात. कुणी ऐकत नसलं की थांबतात."

या वेळी कुणी हसलं नाही. विषय मात्र पुढच्या बैठकीवर ढकलला.