अप्पांच्या खिडकीला दुहेरी पडदे

बेंगळुरात राहून धाकट्या भावाला उजेड सोसेनासा झाला आहे. दिवाळीला चार दिवस येतो आणि पहिल्याच सकाळी कुरकुर सुरू. "अक्का, सहा वाजता डोळ्यांवर ऊन. माणसानं झोपायचं कसं?" केलगेरीकडच्या आमच्या घरात पूर्वेची एकच खोली ऐसपैस, ती वडिलांची, म्हणजे अप्पांची, आणि भाऊ आला की तिथंच खाट टाकतो. तिथं जाड पडदे लावू म्हणे. म्हणजे याच्या चार सकाळींसाठी वर्षभर त्या खोलीत अंधार. मी त्याला तोंडावर सांगितलं, टॉवेल घे डोळ्यांवर. तो हसला आणि त्याच दिवशी अप्पांना आणि मला गाडीत घालून हुबळीला घेऊन गेला.

कोप्पीकर रोडवरच्या दुकानात कापडांचे नमुने समोर येऊन पडले. मागे जाळीचा पडदा, पुढे उजेड अडवणारा जाड ब्लॅकआउटचा, एकाच ब्रॅकेटवर दोन रॉड. दुकानदार कन्नडातून सुरुवात करून आमचं बोलणं ऐकताच मराठीवर आला. "वकीलसाहेब, तुम्हीच सांगा." अप्पांनी कापड बोटांत धरून चोळलं.

"झकास आहे. रंग तर फारच छान."

"कुठला, अप्पा? निळा की चॉकलेटी?" भावानं विचारलं.

"तुला आवडेल तो घे की."

माझं डोकंच फिरलं. उभी हयात कोर्टात हुज्जत घालण्यात गेली, समोरच्याला एक शब्द सुखानं बोलू दिला नाही, आणि लेकापुढे एवढं मऊ! आमच्या घराची ही रीतच आहे. बाहेरगावाहून आलेल्याचं मन मोडायचं नाही. घरात राहणारीचं मोडलं तर ती कुठं जाणार आहे?

दुसऱ्या दिवशी माणूस ड्रिल घेऊन आला. पडदा जमिनीपर्यंत हवा, दोन्ही बाजूंना भिंतीवर वीतभर जास्त हवा, फटीतूनसुद्धा ऊन नको, असं भाऊ त्याला बजावत होता. संध्याकाळी पडदे ओढून झाले तेव्हा खोली सिनेमाच्या थिएटरसारखी झाली. भावानं फोटो काढले. अप्पा म्हणाले, "शोभा आली."

सकाळी नऊ वाजून गेले तरी अप्पा बाहेर आले नाहीत. मी चहा घेऊन गेले. भाऊ नुकताच उठून ट्यूब लावून फोन बघत बसला होता. अप्पा पलंगाच्या कडेवर बसून पायानं चपला चाचपत होते.

"अक्का, करंट गेला काय गं? उजाडलंच नाही अजून."

ट्यूब त्यांच्या डोक्यावर ढणढणत होती. भावाला ती चेष्टा वाटली, तो हसला. मला हसू आलं नाही. मी कप पुढे केला तर त्यांचा हात कपाच्या बाजूनं गेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं, असं अप्पांनीच तर आम्हाला सांगितलं होतं. डॉक्टरकडे आपल्या मित्राबरोबर जायचे, मला कधी नेलं नाही. खिडकीचा उजेड कुठं आहे एवढंच या माणसाला कळत होतं, त्याच्या अंदाजानं घरभर वावरत होता, आणि तेवढाही आम्ही बुजवून टाकला होता. त्यांनी बुजवू दिला होता!

मी स्टुलावर चढून रॉड उपसायला लागले.

"अक्का, हे काय? कालच तर लावलेत!"

"असू दे की गं," अप्पा म्हणाले, "हौसेनं आणलेत त्यानं."

त्या 'हौसेनं'वर माझा ताबा सुटला. "साकु, अप्पा! पुरे! रंग छान म्हणे! तुम्हाला दिसत नाही हे सांगा त्याला. मी रोज समोर असते, मला सांगितलं नाहीत. याला सांगणार नाही. कुणाला सांगणार मग? आंधळेपण काय कोर्टात हरणं आहे?"

रॉड पडद्यासकट खाली कोसळला. लख्ख ऊन आत आलं आणि अप्पांनी तिकडे तोंड वळवलं. भावाचा फोन खाटेवर पडला होता. तो उठून अप्पांच्या जवळ आला, पलंगाला गुडघे टेकतील इतका जवळ. त्यानं तोंडावर हात दाबून धरला होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

अप्पांनी आवाज अगदी खाली आणून मला विचारलं, "गेला काय गं तो? फार मनाला लागलं काय त्याच्या?"