खानावळवाल्या दुर्गाची जाहिरात

सबंध डिलाईल रोडवर विचारा, दुर्गासारखं बांगड्याचं तिखलं दुसऱ्या कुठल्या बाईने केलं असेल तर नाव सांगा. नाही सापडणार. आमच्या घराण्यातल्या बायकांचा हातच तसा, त्यातही दुर्गा म्हणजे कळस.

चाळीतल्या एका खोलीत तिची खानावळ. बायकापोरं गावी ठेवून आलेले गिरणीकामगार तिच्याकडे दोन वेळ जेवायचे. दाराबाहेर पाटी असायची. बाजारातून आली की खडूने लिहायची, ‘आज तिखलं, भात, सोलकढी. या जेवायला.’ पाळी सुटली की जिना नुसता दणाणायचा.

मग गिरण्यांचा संप आला. बाकीच्या खानावळवाल्यांनी हात आखडले. दुर्गाने नाही.

“जेवा रे गपचूप. पैशाचं नाव काढाल तर वाढायची नाही,” म्हणाली. नवरा कुरकुरला, त्यालाही गप्प बसवला. आहे का अशी छाती कोणाची?

तिला वाटलं, आता ही माणसं जन्माची आपली झाली. झालं उलटंच. आधी कोणी दुसऱ्यांदा भात मागेना. मग मान खाली घालून जेवायला लागले, थट्टा नाही की मस्करी नाही. मग एकेक यायचाच बंद झाला. गिरणीत माग चालवणारा साचेवाला बाळा परब तिला बहीण मानायचा, तोसुद्धा समोरच्या फुटपाथने तोंड फिरवून जायचा. एकदा तिने त्याला गाठलाच.

“काय रे मेल्या, माझा जेवाण कडू झाला काय?”

“नाय गो बाये,” बाळा म्हणाला. “फुकटचा गळ्याखाली उतरना नाय.”

तो गावी गेला तो गेलाच. जाताना भेटलासुद्धा नाही.

खानावळ मिटली. पुढे नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. चाळ पाडून टॉवर झाला आणि दुर्गा चौदाव्या मजल्यावर एकटी राहायला गेली. तिथे सगळ्यांची दारं बंद. लिफ्टमध्येही माणसं तोंडाकडे बघत नाहीत, आकड्यांकडे बघतात.

शेवटी आमच्या लतिकाने, म्हणजे तिच्या भाचीने, तिला मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. नाव ‘चुलीपाशी’. वर्षाची फी भरायची आणि रांधण्याच्या गप्पा मारायच्या. नियम एकच, कोणी काही विकायचं नाही. जाहिरात टाकायची तर वेगळे पैसे.

दुर्गाला महिनाभरात सगळे मावशी म्हणायला लागले. मग एका सकाळी फडफडीत बांगडे मिळाले, आणि ग्रुपवर हात सवयीने चालला. ‘आज तिखलं, भात, सोलकढी. या जेवायला.’ खाली बिल्डिंगचं नाव, मजला. मग रोजच लिहायला लागली. अंगठे पडायचे ढीगभर. दाराची बेल काही वाजली नाही.

एक दिवस फोन आला.

“दुर्गा आंटी, मी व्हायोला, गिरगावातून. ‘चुलीपाशी’ मी चालवते. तुमची कम्प्लेंट आहे हां.”

“कोणी जेवून गेला नाही नि कम्प्लेंट कसली गो?”

व्हायोला हसली. “ती मसालेवाली कालिंदी भांडतेय. म्हणते, मी जाहिरातीचे पैसे भरते आणि ही बाई रोज खानावळ चालवते ग्रुपवर.”

“खानावळ कधीच बंद झाली.”

“मग टेन्शनच नाय! खाली एक लाईन टाका, जेवण फुकट. मग ते आमंत्रण झालं. कालिंदीचं तोंड बंद.”

दुर्गा म्हणाली, “ताटाचे पैसे मी घेणार.”

“कशाला, आंटी? गरज आहे?”

“गरज नाही. पण फुकट जेवलेला माणूस पुन्हा येत नाही. एकदा येईल, फोटो काढील, वा वा करील नि जाईल. मला पुन्हा येणारं माणूस हवंय गो.”

“आंटी, पण मग ती जाहिरातच झाली ना. मी तुम्हाला सोडलं तर उद्या सगळे माझ्या डोक्यावर बसतील.”

“जेवायला बोलावण्याचे पैसे मी भरायची नाही. त्यापेक्षा तू ये. जेव, पैसे दे, नि दुसऱ्या दिवशी परत ये.”

“येईन हां, कधीतरी नक्की,” व्हायोला म्हणाली.

लतिकानेही समजावलं. “आत्या, एक शब्द लिहायचाय. कोणीतरी येईल तरी!” दुर्गाने ‘फुकट’ लिहिलं. बराच वेळ बघत बसली. पुसून टाकलं. आमच्या घरातली बाई ती, वाकायची कशी?

दुसऱ्या दिवशी तिचं लिहिणं ग्रुपवाल्यांनी बंद केलं. वाचता येत होतं, बोलता येत नव्हतं.

दुपारी ग्रुपवर कोणा नव्या मुलीने विचारलं, ‘ओला जवळा आणलाय. पहिल्यांदाच करतेय. कोणी सांगेल का?’ दुर्गाने चष्मा चढवला, सगळं नीट लिहिलं, बटण दाबलं. जाईना. पुन्हा दाबलं.

मग तिने फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला, पदर खोचला आणि त्याला सांगायला लागली. जवळा कसा निवडायचा, कांदा किती बारीक चिरायचा, कोकम कधी टाकायचं. सगळं सांगून झालं.

“कळलं ना गो?” तिने विचारलं. “नाहीतर पुन्हा सांगते.”