मिटलेल्या डोळ्यांची प्रिंट

आधीच सांगते, असल्या भुताखेताच्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. ठेवणं परवडलंच नसतं. आमगावला आमचा फोटो स्टुडिओ आहे, स्टेशनकडून बाजारात येताना लागतो. आणि आमच्या धंद्यात निम्मी गिऱ्हाइकं लग्नाची, तर निम्मी मयताची.

आमच्याकडे तेरवीला, म्हणजे तेराव्याला, गेलेल्या माणसाचा मोठा फोटो लागतो, हार घातलेला. पण खेड्यातल्या कित्येक माणसांचा उभ्या जन्मात एक धड फोटो निघालेला नसतो. मग घरचे लोक अंगणात ठेवलेल्या मयताचाच मोबाईलवर फोटो काढतात आणि माझ्यासमोर धरतात, "याचे डोरे उघडून द्या जी." मी उघडून देते. कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुणाचे तरी डोळे घ्यायचे, नीट बसवायचे, अंगात कोट घालायचा, मागे निळं आभाळ टाकायचं... झालं काम. इतक्या मेलेल्यांना डोळे दिले, पण एकही जण परत येऊन 'बाई, हे डोळे कुणाचे?' असं विचारायला आला नाही. म्हणून या ग्रुपवरचे अनुभव वाचताना मला हसू यायचं. आता येत नाही.

गोष्ट २०१२ च्या आसपासची. आमचा जुना कॉम्प्युटर एक दिवस बंद पडला तो पडलाच. नवीन घेतला, त्यात नवीन विंडोज. सगळं चकाचक, फक्त आमचा फोटो प्रिंटर त्याला ओळखेना. प्रिंटर जुना, पण काय फोटो काढायचा! साधा शाईचा नाही हं, रिबिनीचा. कागद चार वेळा आत-बाहेर करतो — आधी पिवळा रंग, मग लाल, मग निळा, आणि शेवटी चकाकीचा थर. वापरलेल्या रिबिनीवर प्रत्येक रंगाची उलटी छबी उरते, उजेडात धरली की चेहरा ओळखू येतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गोंदियाहून कॉम्प्युटरवाला राजू आला. वायर काढली, लावली, मान हलवली. "भाभी, इसका ड्रायवर ही नहीं बना नये विंडोज के लिये. कबाडी को दे दो." आमचे हेसुद्धा त्याच्याच बाजूचे. मी हेकट आहे, हे माझ्या माहेरीही माहीत आहे आणि सासरीही. मी म्हटलं, मशीन मेलेली नाही, फक्त नव्याला जुन्याची भाषा समजत नाही, एवढ्यासाठी कुणी भंगारात टाकतं का? त्या दिवसांत आम्ही फोटो पेनड्राईव्हवर घेऊन गाडीने गोंदियाला पाठवायचो आणि गिऱ्हाइकाची बोलणी खायचो. मी मात्र रोज दुपारी प्रिंटरपुढे बसायचे. शेवटी त्याच कंपनीच्या दुसऱ्या, नंतरच्या मॉडेलचा ड्रायव्हर नेटवर सापडला. राजू फोनवर सांगत गेला, मी बटणं दाबत गेले, आणि प्रिंटर खर्रर्र करून जागा झाला. पहिली प्रिंट दारातल्या गाईची काढली. गाय हिरवट आली! रंग जुळवले, मग एकदम झकास. मी यांना इतकं चिडवलं की ते चहा न घेताच बाहेर गेले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी प्रमिला आली. जवळच्याच खेड्यातली, तिशीच्या आतली बाई, सोबत लहान मुलगी. तिचा नवरा योगराज रायपूरकडे एका कारखान्यात कामाला होता. धानाच्या रोवणीला घरी यायचा होता, आलाच नाही. फोन बंद. कारखान्यात विचारलं तर म्हणाले, केव्हाच गेला इथून. पोलिसांत तक्रार दिली होती. सासरा म्हणत होता, "दुसरं घर मांडलं असन त्यानं." प्रमिला म्हणत होती, तो असा नाही, कुठंतरी आजारी पडला असेल. तिला योगराजचे फोटो हवे होते — ती स्वतः भावाला घेऊन रायपूरला शोधायला निघाली होती.

लग्नातला एकच फोटो होता तिच्याकडे. नवरदेव फ्लॅशला दचकून डोळे विस्फारून बघत होता. प्रमिला जरा हसली आणि म्हणाली, "फोटो काढाले लय भेत होता जी तो." मी फोटो स्कॅन केला, फक्त चेहरा कापून मोठा केला. दुपारी न्या म्हटलं. ती बाजारात गेली.

मी कॉम्प्युटरवरून प्रिंट दिली. पिवळा, लाल, निळा, चकाकी. कागद बाहेर आला आणि मी सवयीने उचलला... योगराजचे डोळे मिटलेले होते.

डाग पडलाय असं वाटलं. भिंग घेतलं. डाग नाही. पापण्या होत्या, खाली टेकलेल्या, पापण्यांचे केस दिसत होते. स्क्रीनवर पाहिलं तर तिथे डोळे टक्क उघडे. दुसरी प्रिंट काढली. मिटलेले. मध्ये दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचे पासपोर्ट फोटो काढून बघितले, ते ठणठणीत. मग लग्नाचा अख्खा फोटोच काढला — नवरी, करवल्या, मामा, सगळे बघताहेत आणि मधोमध नवरदेव डोळे मिटून उभा. खरं सांगते, भीती वाटली. पण भीतीपेक्षा जास्त राग आला, त्या मशीनचा.

राजूला फोन लावला. "दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर आहे भाभी, कलर इधर-उधर होईल थोडा." मी म्हटलं, "अरे बाबा, कलर समजला. पापण्या कुठून आणल्या ड्रायव्हरने?" तो हसला. मी फोन ठेवला.

मग मी प्रिंटर उघडला आणि वापरलेली रिबीन काढून दारात उजेडात धरली. पिवळ्या पट्टीवर योगराजचे डोळे उघडे होते. लाल पट्टीवर अर्धवट, झोप येते तसे. निळ्या पट्टीवर मिटलेले. म्हणजे त्याचे डोळे एकदम मिटले नव्हते. कागद आत-बाहेर होत असताना ते मिटत गेले होते... हे मी शुद्धीवर असताना, भर दुपारी, रस्त्यावर माणसं जात-येत असताना पाहिलं आहे.

त्या प्रिंटा मी काऊंटरवर पालथ्या घातल्या. ठरवलं, प्रमिलाला काही सांगायचं नाही, गोंदियाहून फोटो काढून आणायचे. एक ओळखीचा माणूस रोज गाडीने गोंदियाला जायचा, त्याला गाठायला मी पेनड्राईव्ह घेऊन स्टेशनवर गेले. आणि तेवढ्यात आमचे हे दुकानात आले.

यांनी त्यातली वरची, नुसत्या चेहऱ्याची प्रिंट सुलटी केली. डोळे मिटलेला माणूस पाहिला. आमच्या दुकानात अशा फोटोचा एकच अर्थ होतो. यांना वाटलं, नेहमीप्रमाणे मयताचा फोटो आलाय, डोळे उघडायचे आहेत. इतक्यात प्रमिला आली आणि म्हणाली, "माह्या मालकाचा फोटो झाला काय जी?" आणि यांनी अगदी हळू आवाजात, आम्ही सगळ्यांना विचारतो तसंच तिला विचारलं, "तेरवी कवा आहे बाई? नावाखाली तारीख टाकायची काय?"

मी परतले तेव्हा ती काऊंटरला धरून उभी होती. रडत नव्हती. प्रिंट हातात होती. हे माझ्याकडे बघत होते, काय चुकलं ते न कळून. मुलगी लुगड्याला धरून "माय, चाल ना" म्हणत होती.

"ताई," प्रमिला म्हणाली, "तो झोपला तरी असा नाई दिसे. याचे डोरे कोनं मिटवले?"

मी मशीन बिघडलंय म्हटलं. ड्रायव्हर, विंडोज, काय वाटेल ते बोलत सुटले. तिने ऐकून घेतलं. गोंदियाचे चांगले फोटो संध्याकाळी येतील, हा इथेच ठेव, असंही मी म्हटलं. तिने संध्याकाळी ते फोटो नेले, पण ही प्रिंट काही परत दिली नाही. पदरात गुंडाळून घेऊन गेली. सकाळच्या गाडीने बहीण-भाऊ रायपूरकडे गेले.

पुढचं तिच्या भावाने सांगितलं. स्टेशनं, दवाखाने, चौक्या, सगळीकडे त्यांनी योगराजचा उघड्या डोळ्यांचा फोटो दाखवला. सगळ्यांनी मान हलवली. एका चौकीत तर बेवारस मृतदेहांच्या फोटोंचा अल्बमही त्यांच्यापुढे टाकला. पहिल्या पानांवरचे चेहरे सुजलेले, काळवंडलेले, कोण कुणाला ओळखणार? भावाला तर बघवेनाच. ते उठून निघाले. दारापर्यंत गेल्यावर प्रमिला मागे फिरली आणि पदरातली ती प्रिंट शिपायापुढे ठेवली.

शिपायाने एकदाच पाहिलं. "अरे, ये तो हमने उठाया था," म्हणाला आणि अल्बम उलटून एका पानावर बोट ठेवलं. रेल्वे फाटकाजवळ तापाने पडलेला माणूस, दवाखान्यात नेईपर्यंत संपला. खिशात काही नाही. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर भुवया, पापण्या, ओठांची ठेवण, सगळं तंतोतंत. पोलिसांनी त्याला केव्हाच माती दिली होती. आमचा प्रिंटर बंद होता आणि मी हट्टाने त्याच्यापुढे बसत होते, त्याच दिवसांत तो गेला होता.

प्रमिला परत आली ती थेट दुकानात. कपाळ मोकळं. मी काऊंटरमागून उठून तिला जवळ घेतलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मग तोंड पुसून म्हणाली, "तेरवीचा फोटो द्या ताई. डोरे उघडे पायजेत. पोरीनं बापाले तसंच पाह्यलं आहे."

हे म्हणाले, गोंदियाला पाठवू. मी नाही म्हटलं. कुठून बळ आलं माहीत नाही, पण तीच फाईल उघडली आणि त्याच प्रिंटरवर प्रिंट दिली. पिवळा गेला. लाल गेला. निळ्याच्या वेळी मी डोळे मिटून घेतले. कागद बाहेर आला तो प्रमिलानेच उचलला.

डोळे उघडे होते. फ्लॅशला दचकलेले, जसेच्या तसे.

त्यानंतर तो प्रिंटर बरीच वर्षं चालला, त्याच दुसऱ्या मॉडेलच्या ड्रायव्हरवर. पुन्हा असं कधीही झालं नाही. राजूला विचारलं, कंपनीच्या माणसालाही विचारलं, दोघंही रंगांचंच सांगत बसले. योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा, मी भांडणार नाही.

पण मला सलतं ते वेगळंच. ती प्रिंट निघाली नसती तर प्रमिला अजूनही दर गाडीला वाट बघत असती — कपाळावर कुंकू घेऊन. मी तिच्यावर उपकार केले की तिच्याकडून तिचा नवरा हिरावला, हे मला आजही ठरवता येत नाही. एकदा न राहवून तिलाच विचारलं. ती मुलीची वेणी घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "तो सोडून नोता गेला ताई. तेवढं तरी समजलं."