ढलप्यांचा चर

माझी मोठी मुलगी माहेरच्या विहिरीच्या पाण्याने निळी पडली होती.

आज सकाळी आबा गेले. भावाचा फोन आला, मी खुर्चीत बसले, आणि डोळ्यांपुढे आधी वडिलांचा चेहरा नाही आला. ते पाणी आलं.

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळ आमचा मळा. केळीच्या बागेत भर दुपारीसुद्धा नुकतंच उजाडल्यासारखं वाटतं.
हिरवा उजेड, पायाखाली ओल, वर पानांची कुजबुज. लहानपणी मी तिथे तासन् तास बसायची. कशासाठी, ते आजही सांगता येणार नाही.

आबांचा घड म्हणजे घड! स्टेशनवर वॅगन भरताना लोक थांबून बघायचे आणि आबा मिशीतल्या मिशीत हसायचे.
प्रत्येक खोडाशी युरिया. मूठ जरा सैलच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मला दूध पुरेना म्हणून बाळाला पावडरचं दूध. त्यासाठी विहिरीचं पाणी आई खळखळ उकळायची, पुन्हा पुन्हा उकळायची. पहिली नात म्हटल्यावर काळजी घेणारच ना!

एक दिवस बाळाचे ओठ जांभळे झाले. मग नखं.

जळगावच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं. म्हणाले, "पाण्यात नायट्रेट आहे, खताचं. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण वाढतं."
आई रडली.

परत दीपनगरला, नवऱ्याच्या नोकरीच्या क्वार्टरवर निघताना मी म्हणाले, "आबा, पुढचं बाळंतपण मी इथे करणार नाही."
"बरोबर हाये तुह्यं," एवढंच म्हणाले.

लेकीने माहेरचं पाणी नको म्हणावं, हे त्या माणसाला किती लागलं असेल!

मग त्यांनी काय केलं?
लाकडं पुरली.

कृषी कॉलेजातले एक सर ओळखीचे होते. बाहेरच्या देशांत असे प्रयोग नुकतेच सुरू झालेत, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. शेतातून निथळलेलं पाणी लाकडाच्या ढलप्यांमधून सावकाश जाऊ द्यायचं. त्या ओल्या, हवा न लागणाऱ्या लाकडात बॅक्टेरिया वाढतात, लाकडावरच जगतात आणि पाण्यातलं नायट्रेट फोडून त्याचा साधा वायू करतात. आपल्या हवेत असतो तोच नायट्रोजन.

आबांना हे इतकं आवडलं!
"म्हंजे लाकूड पानी धुतं?"

बागेचं पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला येऊन मुरायचं. तिथेच आबांनी लांबलचक चर खणला. सॉ मिलमधून ट्रॉली भरभरून ढलप्या आणल्या, चरात दाबून भरल्या, वर माती ओढली.

गाव हसलं. "आबा, लाकडाले कोंब कधी फुटतीन?"
"फुटले की पहिलं रोप तुलेच देईन," आबा म्हणायचे.

सुरुवातीला चराच्या खालच्या तोंडातून चहाच्या रंगाचं पाणी आलं. वास म्हणाल तर नाक धरावं असा. सर म्हणाले, धीर धरा. आणि युरियाही कमी करा, सगळा भार लाकडावर टाकू नका.

ही खरी परीक्षा होती. घड हलके झाले. वॅगनपाशी कुणी थांबेना. आबांसारख्या मानी माणसाने तेही सोसलं, आणि आम्हाला कुणाला बोलून दाखवलं नाही.

मधली वर्षं मला स्वप्नासारखीच आठवतात. मी एखाद्या दिवसापुरती यायची, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. आबा चराशी उकिडवे बसलेले असायचे, तळहात मातीवर टेकलेला.
"आत काम चालू हाये," हळूच सांगायचे, झोपलेलं मूल उठू नये तसे.
मी शेजारी बसायची. वर तो हिरवा उजेड, खाली न दिसणारे जीव आमच्या विहिरीसाठी राबणारे. मला त्यांचा आवाज येतोय असंही कधीकधी वाटायचं. हसू नका.

मला पुन्हा दिवस गेले, तेव्हा आबा बसने दीपनगरला आले.
"सरांनी पानी तपासलं. लहान लेकराले बी चालीन म्हने."
मग म्हणाले, "येशीन का?"

मी गेले.

धाकटी झाली. पुन्हा दूध पुरेना, पुन्हा पावडर. समोर भांड्यात विहिरीचं पाणी होतं, नितळ. पण माझा हात काही पुढे होईना. मोठीचे ते ओठ दिसत होते.

तेवढ्यात आबा सायकलवरून आले. हँडलला कॅन. सावद्याच्या नळाचं पाणी.
"हे घे. लेकराले हे दे."
"आबा, आपल्या विहिरीचं चांगलं झालंय ना? मग?"
"झालं ना. इहीर साफ करनं माह्यं काम व्हतं. भरोसा ठेव म्हनून तुह्यावर सक्ती नही, माय. भ्याव जाईन तव्हा जाईन."

मग रोज तो कॅन यायचा. ज्याने घडाचा मान सोडून विहीर सुधारली, तोच माणूस लेकीची भीती सांभाळायला उन्हातून दुसरं पाणी आणत होता. एका शब्दाने टोमणा नाही.

एका दुपारी ते कॅन घेऊन दारात आले, तेव्हा मी विहिरीच्याच पाण्यात दूध कालवून धाकटीला पाजत होते.
आबांनी भांड्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
कॅन खाली ठेवला आणि तिथेच उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले.

आबा, दोन्ही नाती निघाल्या आहेत तुमच्याकडे. मीही निघते.
सावकाश जा. लेकीचा शेवटचा नमस्कार.